निश्चय रात्रीचा, निकाल पहाटेचा

वर्ष बदललं की एक गोष्ट हमखास फिरू लागते. १९५३ साली येल विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्ही तुमची ध्येयं लिहून ठेवली आहेत का? फक्त ३ टक्के ‘हो’ म्हणाले. वीस वर्षांनी पाहिलं, तर या ३ टक्क्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त! कधी येलच्या जागी हार्वर्ड येतं, १९५३ च्या जागी १९७९ येतं. ३ टक्के मात्र हलत नाहीत. असा अभ्यास झालेलाच नाही. १९९६ मध्ये ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकी मासिकाने याचा माग काढला, तेव्हा ही गोष्ट व्यासपीठांवरून सांगणारे नामवंत वक्ते एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि विद्यापीठाकडे कसलीच नोंद निघाली नाही.

खोटी गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. पण ती आपलं लक्ष चुकीच्या जागी नेते. ध्येय ठरवण्याबद्दल विज्ञानाला बऱ्यापैकी माहिती आहे आणि ती थोडक्यात सांगता येते: ‘जमेल तेवढं कर’ यापेक्षा नेमकं, मोजता येणारं आणि जरा अवघड उद्दिष्ट समोर असलं की माणूस जास्त काम करतो. एडविन लॉक यांनी १९६० च्या दशकात सुरू केलेल्या आणि पुढे गॅरी लेथम यांच्यासोबत वाढवलेल्या कामातून हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. खरी गंमत त्याच्या पुढे आहे. रात्री दहा वाजता पहाटे पाचचा गजर लावणारा माणूस आणि पहाटे पाचला तो बंद करणारा माणूस एकच असतो. मधल्या सात तासांत त्याला कुठलीही नवी माहिती मिळालेली नसते. व्यायामाचे फायदे कमी झालेले नसतात. मग मत बदललं कसं?

‘इच्छाशक्ती कमी पडली’ हे नेहमीचं उत्तर म्हणजे प्रश्नच वेगळ्या शब्दांत मांडणं झालं. मध्यंतरी इच्छाशक्ती ही वापरली की संपणारी शक्ती आहे, सकाळी एक मोह टाळला की दुपारी दुसरा टाळायला ती उरत नाही, असा सिद्धान्त फार गाजला. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक लोकांवर त्यामागचा प्रयोग नव्याने करून पाहिला. परिणाम जवळजवळ शून्य आला. व्याख्यानांतून तो सिद्धान्त अजून निवृत्त झालेला नाही, हा भाग वेगळा.

मला जे उत्तर पटतं ते एका वक्र रेषेत आहे, आणि त्यासाठी थोडं गणित लागेल. शाळेतलंच आहे.

उशिरा मिळणाऱ्या गोष्टीची किंमत आपल्या मनात आज कमी असते. यात वेडेपणा काही नाही. प्रश्न एवढाच, की ती कोणत्या नियमाने कमी होते? अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी १९३७ मध्ये एक सुबक नमुना मांडला. चक्रवाढ व्याज उलटं चालवायचं: दर दिवसाच्या उशिरामागे किंमत ठरावीक टक्क्यांनी घटते. समजा दर दिवशी १० टक्के. आता एक लहान बक्षीस घ्या, ५० गुणांचं, आणि एक मोठं, १०० गुणांचं, पण लहानाच्या चार दिवस नंतर मिळणारं. चार दिवसांत १०० चे ०.९ × ०.९ × ०.९ × ०.९ या हिशेबाने साधारण ६६ उरतात. म्हणजे मोठं बक्षीस ५० ला हरवतं. दोन्ही बक्षिसं महिनाभर पुढे ढकलली, तर दोघांनाही सारखीच घट लागते आणि गुणोत्तर तेच राहतं. मोठं तेव्हाही जिंकतं. दररोजची घट १० ऐवजी २० टक्के असेल तर १०० चे ४१ उरतात आणि लहान बक्षीस जिंकतं, तेही कायमच. म्हणजे या नमुन्यातला संयमी माणूस नेहमीच संयमी आणि उतावळा नेहमीच उतावळा. रात्री एक ठरवून पहाटे दुसरं करणारा माणूस या गणितात बसतच नाही. पश्चात्तापालाही इथे जागा नाही.

पण प्राणी असं वागत नाहीत. कबुतरं, उंदीर आणि माणसं यांच्यावरच्या प्रयोगांतून वेगळाच आकार पुढे आला. जॉर्ज एन्स्ली यांनी १९७० च्या दशकात त्याचे परिणाम मांडले आणि १९८७ मध्ये जेम्स मेझर यांनी कबुतरांच्या निवडींवरून त्याचं सोपं सूत्र दिलं:

आजची किंमत = मूळ किंमत ÷ (१ + क × उशीर)

यातला ‘क’ म्हणजे उतावळेपणाचा आकडा, प्रत्येकाचा वेगळा. सोयीसाठी क = १ धरू आणि उशीर दिवसांत मोजू. लहान बक्षीस दहा दिवसांवर असताना त्याची किंमत ५० ÷ ११, म्हणजे ४.५. मोठं चौदा दिवसांवर: १०० ÷ १५, म्हणजे ६.७. मोठं जिंकलं, निश्चय झाला, गजर लावला. आता लहान बक्षीस अगदी समोर आलं: ५० ÷ १ = ५०. मोठं अजून चार दिवस दूर: १०० ÷ ५ = २०. निकाल उलटला. नेमका कधी उलटला? दोन्ही किमती समान धरून समीकरण सोडवलं तर उत्तर येतं तीन दिवस. लहान बक्षीस तीन दिवसांवर येईपर्यंत तुम्ही ध्येयनिष्ठ असता, आणि ती रेघ ओलांडली की नसता. दिवसांऐवजी तास किंवा मिनिटं घेतली तर ‘क’ बदलेल, पण रेषा एकमेकींना छेदतातच. रस्त्यावरून दुरून पाहिलं तर डोंगर झाडापेक्षा उंच दिसतो. झाडाखाली जाऊन उभं राहिलं की डोंगर दिसेनासा होतो. त्याची उंची एका फुटानेही घटलेली नसते.

या वक्राला भूमितीत अपास्त म्हणतात. १९९५ मध्ये क्रिस किर्बी आणि रिचर्ड हर्नस्टाइन यांनी माणसांना खऱ्या बक्षिसांतून निवड करायला लावली, तेव्हा उशीर बदलला की पसंती उलटते हे त्यांच्यातही दिसलं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, जरा अवघड आहे. उत्क्रांतीने असा तऱ्हेवाईक वक्र आपल्या डोक्यात का ठेवला असेल? पीटर सोझू यांनी १९९८ मध्ये एक देखणं उत्तर सुचवलं. उशिरा मिळणारं बक्षीस मधेच हातचं जाऊ शकतं: दुसरा कुणी पळवेल, सडेल, आपणच उरणार नाही. ही जोखीम दर दिवशी किती, हे पक्कं माहीत असेल तर चक्रवाढीचाच नियम योग्य. पण ती माहीत नसते. समजा दोन शक्यता सारख्याच आहेत: एक, धोका मोठा, दररोज निम्मी आशा संपते, दोन, धोका लहान, दररोज १० टक्के संपते. पहिल्या दिवसानंतरची सरासरी (०.५ + ०.९) ÷ २ = ०.७, म्हणजे ३० टक्के घट. दहाव्या दिवशी पहिल्या शक्यतेचं जवळजवळ काहीच उरलेलं नसतं, जे काही उरतं ते दुसरीचं. म्हणून दहाव्यापासून अकराव्या दिवसापर्यंतची घट फक्त १० टक्क्यांच्या आसपास. सुरुवातीला कडा, नंतर सौम्य उतार. दोनऐवजी अगणित शक्यता घ्या, लहान धोके जास्त संभाव्य आणि मोठे कमी, तेही घातांकी नियमाने, आणि सगळ्यांची सरासरी काढा. अवकलनाची उलटी क्रिया, म्हणजे संकलन, येत असेल त्याने कागदावर करून पाहावं. उत्तर तंतोतंत १ ÷ (१ + क × उशीर) येतं. अनेक चक्रवाढींच्या सरासरीतून अपास्त जन्माला येतो! गजर बंद करणारा हात मूर्ख नाही, तो अनिश्चित जगासाठी घडलेला आहे. ज्याला संकलन येत नाही त्याने एवढंच धरून पुढे चलावं की वक्राची सुरुवात फार कडक उताराची आहे आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

हे मान्य केलं की उपायांची दिशा बदलते. कड्यावर उभं राहून स्वतःशी झगडण्यापेक्षा निर्णय सपाट भागात असतानाच उरकायचा. १९७२ मध्ये हॉवर्ड रॅकलिन आणि लेनर्ड ग्रीन यांनी हे कबुतरांकडून करवून घेतलं. कबुतराला लगेच दोन सेकंद दाणे किंवा चार सेकंद थांबून चार सेकंद दाणे, अशी निवड दिली की ते बहुतेक वेळा लगेचचे दाणे घेई. मग आधी एक पायरी जोडली. एक बटण टोचलं तर काही सेकंदांनी हीच दोघांतली निवड समोर येई. दुसरं टोचलं तर काही सेकंदांनी फक्त मोठं, उशिराचं बक्षीस मिळे, मोहाचा पर्यायच नाही. मधली वाट पाहण्याची वेळ वाढवत नेली तशी कबुतरं दुसऱ्या बटणाकडे वळू लागली. पुढे आपला तोल जाणार हे पक्ष्याला ‘कळलं’ असं मी म्हणणार नाही, पण मोह दूर असताना त्याने मोहाचा रस्ता बंद केला हे खरं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून झोपणं, पगार हातात पडण्याआधीच बचत कापली जाईल अशी सोय करणं, हे सगळं त्या दुसऱ्या बटणाच्या जातीचं आहे.

सूत्रातला उशीर कमी करणं हा दुसरा मार्ग. अल्बर्ट बँडुरा आणि डेल शुंक यांनी १९८१ मध्ये वजाबाकीत कच्च्या मुलांना ४२ पानांची गणितं दिली. काहींना सांगितलं, सात बैठकांत सगळी पानं संपवा. काहींना सांगितलं, प्रत्येक बैठकीत सहा पानं. काम अगदी तेवढंच, पण दुसऱ्या गटातली मुलं पुढे गेली. त्यांची वजाबाकी सुधारली आणि त्यांना विषयात गोडीही वाटू लागली. बँडुरा याचं श्रेय आत्मविश्वासाला देत. मला त्यात छेदातला आकडा लहान झालेलाही दिसतो.

तिसरा उपाय जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांचा: ‘मी व्यायाम करेन’ याऐवजी ‘गजर वाजला की मी बूट घालेन’. अमुक झालं की तमुक करायचं, असं वाक्य. १९९७ मध्ये त्यांनी वेरोनिका ब्रांडस्टॅटर यांच्यासोबत विद्यार्थ्यांना सुटीच्या दिवसांत एक लहानसा अहवाल लिहायला सांगितला. तो कुठे आणि कधी लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवलं, त्यांच्यात तिघांमागे दोघांहून अधिक जणांनी तो वेळेत लिहिला. बाकीच्यांत तिघांमागे जेमतेम एकाने. असं वाक्य मनात बसलं की ठरलेला संकेत दिसताच कृती आपोआप सुरू होते, किमतींची तुलना करायला मधे जागाच उरत नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला, म्हणजे नियोजन आणि संयम सांभाळणाऱ्या भागाला, इजा झालेल्या रुग्णांनाही अशा वाक्यांचा उपयोग होतो हे २००१ मध्ये दिसलं. त्या वेळी आत कुणी विचार करत बसलेलं नसतं, याचा तो चांगला पुरावा आहे.

तोच संकेत, तीच कृती असं रोज चाललं की सवय लागते. ती २१ दिवसांत लागते हा आकडा एका प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणातून आला; रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान इतके दिवस लागतात, असं ते होतं. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये लंडनमध्ये प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा मध्यक ६६ दिवस आला आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं.

आणि डोळे मिटून यश ‘आकर्षित’ करणं, भिंतीवर स्वप्नातल्या घराचं चित्र लावून विश्वाला संदेश पाठवणं? विश्वाकडे टपालपेटी असल्याचा पुरावा नाही. उलट गाब्रिएल ऑटिंगन आणि थॉमस वॉडन यांनी १९९१ मध्ये वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा आपल्या यशाची गोड दिवास्वप्नं रंगवणाऱ्यांचं वजन इतरांपेक्षा कमी घटलं. जमेल असा विश्वास मात्र उपयोगी पडला होता. विश्वास आणि दिवास्वप्न यांची गल्लत करण्यावर एक अख्खा धंदा चालतो.

गॉलविट्झर यांच्या वाक्यालाही जादू समजू नये. प्रयोगशाळेबाहेर परिणाम आटतो. २०११ मध्ये कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या अमेरिकी कंपनीतल्या कर्मचाऱ्यांना फ्लूच्या मोफत लसीची पत्रं पाठवली. काही पत्रांत तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहायला रिकामी चौकट होती. लस घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर गेलं, एवढंच. फक्त तारखेची चौकट असलेल्या पत्रांनी मात्र ठामपणे सांगता येईल असा फरक पडला नाही. आणि जिथे लसीकरण एकाच दिवशी होतं, ‘उद्या जाऊ’ म्हणायची सोयच नव्हती, तिथे चौकटीचा परिणाम सर्वांत जास्त दिसला.