लोणारचे वय : ५२ हजार की ५ लाख ७० हजार?

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले. पाऊस कमी झाला की पाणी आटते, खारटपणा वाढतो आणि क्षारप्रेमी सूक्ष्मजीव फोफावतात. रंग त्यांचा होता, पाऊस पडल्यावर तो उतरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवर रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. या दोन बातम्यांसोबत ‘५२ हजार वर्षांपूर्वी उल्का आदळली’ हे वाक्यही घरोघर पोहोचले. त्यातला ‘उल्का’ हा भाग पक्का आहे, आकडा नाही.

उल्केचा निकालही तसा उशिराच लागला. १८२३ मध्ये एका ब्रिटिश अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली, पण पुढे दीडशे वर्षे बहुतेकांना ते ज्वालामुखीचे मुखच वाटले. भोवती सगळा लाव्हापासून बनलेला काळा कातळ (बेसाल्ट), मग दुसरे काय वाटणार? तळाखाली घेतलेल्या भोकांतल्या नमुन्यांत मॅस्केलिनाइट सापडले आणि १९७३ मध्ये वाद मिटला. फेल्डस्पार हे खनिज न वितळता, निव्वळ धक्क्याने काचेसारखे झाले की मॅस्केलिनाइट बनते. असा धक्का ज्वालामुखी देऊ शकत नाही.

आता वय. ५२ हजार (६ हजार कमी-अधिक) हा आकडा १९९७ चा, उष्मादीप्ती पद्धतीचा. आघातात तापलेल्या काचेतला जुना ऊर्जा-साठा पुसला जातो आणि पुढे नैसर्गिक किरणोत्सारामुळे तो पुन्हा भरत जातो. नमुना तापवला की तो प्रकाशरूपाने बाहेर पडतो, तो मोजतात. अडचण अशी की हा साठा काळाबरोबर गळतो आणि एका मर्यादेनंतर भरतही नाही. म्हणजे वय खऱ्यापेक्षा कमी दिसण्याचा धोका.

५ लाख ७० हजार (४७ हजार कमी-अधिक) हा आकडा २०११ चा, आर्गॉन पद्धतीचा. इथे चूक उलट्या दिशेने होते. कातळ साडेसहा कोटी वर्षांचा. तेवढ्या काळात पोटॅशियमपासून बनलेला आर्गॉन वायू त्यात साठलेला. आघाताने दगड वितळताना तो सगळा बाहेर पडला, तरच घड्याळ शून्यावर येते. एक टक्का जरी आत अडकला, तरी कालच वितळलेला दगड साडेसहा लाख वर्षांचा दिसेल! शिवाय दख्खनच्या बेसाल्टमध्ये पोटॅशियम मुळात कमी, त्यामुळे मोजायला नवा आर्गॉन चिमूटभर. नमुना टप्प्याटप्प्याने तापवून जुना वायू वेगळा काढता येतो आणि तसा तो काढलाही होता. तरी विवराची उभी, फारशी न झिजलेली कड पाहिली की पाच लाख पावसाळे पचवणे जड जाते.

तिसरा साक्षीदार तळाशी आहे. सरोवरातून काढलेल्या सुमारे १० मीटर गाळात साधारण ११ हजार वर्षे सापडली. गाळाचा पूर्ण थर मात्र सुमारे १०० मीटरचा. सरळ त्रैराशिक मांडले तर लाखभर वर्षे होतात, म्हणजे दोन्ही आकड्यांच्या मधले काहीतरी. पण खालचा गाळ दबून आकसलेला असतो, त्याने वय वाढते. उलट सुरुवातीला ताज्या उभ्या कडा ढासळून गाळ भराभर साचतो, त्याने ते घटते. तळापर्यंतच्या गाळाची सलग कालमोजणी झाल्याशिवाय माहितीफलकावर ‘५२ हजार’च्या आधी निदान ‘अंदाजे’ तरी हवे.