बाळंतिणीच्या मनाच्या त्रासावर सरकारी दवाखान्यात इलाज: केसपेपर कुठे काढायचा, सोबत काय न्यायचं

अर्ज म्हणाल तर सिव्हिलचा केसपेपर, बस. उत्पन्नाचा दाखला वगैरे शोधत बसू नका, कारण 15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार सगळ्यांनाच फुकट आहेत. महापालिकेचं हॉस्पिटल आणि सरकारी मेडिकल कॉलेज त्यात येत नाही, तिथे थोडीफार फी पडते.

सोबत आधार आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्या, डिलिव्हरी झाली असेल तर डिस्चार्ज कार्ड, आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा, नावं आठवत नाहीत हो कुणाला!

आता खिडकीवरची गोष्ट. माझ्या धाकट्या जावेला खिडकीवर विचारलं काय होतंय, ती म्हणाली झोप येत नाही, झालं, जनरल ओपीडीत पाठवलं आणि बाळ मांडीवर घेऊन अख्खी सकाळ गेली. म्हणून सरळ सांगायचं, "मानसिक आजाराची ओपीडी, बाळंतीण आहे." लाज कसली त्यात? आत गेल्यावर गरोदर आहे की अंगावर पाजतेय हे आधी सांगा, गोळी त्यावरून ठरते. आणि आधीपासून चालू असलेली गोळी मनानेच बंद करू नका, सासूबाई कितीही म्हणाल्या तरी.

पहिले काही दिवस उगाच रडू येणं बऱ्याच जणींना होतं, पण दोन आठवडे उलटूनही तसंच असेल तर जायचंच. जाणं जमत नसेल तर 14416 लावा, टेलिमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, चोवीस तास, मराठीत बोलतात, पैसे नाहीत, कागद नाही. भास होतायत, भलतंसलतं बोलतेय, स्वतःला किंवा बाळाला काही करेल असं वाटतंय, तर ओपीडीची वाट न बघता 108 बोलवा आणि तिला एकटं सोडू नका.

भरती करायची वेळ आलीच तर 2017 चा मानसिक आरोग्य कायदा लक्षात ठेवा, तीन वर्षांच्या आतलं बाळ सहसा आईपासून तोडता येत नाही, बाळाला धोका आहे असं डॉक्टरांनी ठरवलं तरच, तेही तात्पुरतं. तेव्हा पिशवीत बाळाची लंगोटं, दुपटी आधीच भरून ठेवा.