बाय्यूचं कापड वेगळं, बाय्यूची फिल्म वेगळी

बाय्यू टॅपेस्ट्री, म्हणजे 1066 मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्याची गोष्ट चित्रांत सांगणारं, फ्रान्समधल्या बाय्यू गावचं भरतकामाचं कापड, ब्रिटिश म्युझियमला कर्जाऊ मिळणार हे जुलै 2025 मध्ये जाहीर झालं, तेव्हापासून तिची अ‍ॅनिमेशन फिल्म मला पुन्हा जिकडून तिकडून येते आहे. सोबत एक ठरलेलं वाक्य असतं: ‘साडेनऊशे वर्षांपूर्वीचा सिनेमा बघा.’ कुणी ‘जगातलं पहिलं कॉमिक’ म्हणतं, कुणी ‘कापड जिवंत झालं’ म्हणतं. फिल्म छान आहे, मी ती आवडीने पाहतो आणि इतरांनाही दाखवतो. पण फिल्म पाहिली की बाय्यू पाहून झालं, हा समज चुकीचा आहे आणि कुणी त्याला अडवत नाही म्हणून तो पसरत चाललाय.

फिल्म बहुतेकांना माहीत असते, म्हणून तिच्याबद्दल थोडक्यात. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात शिकताना डेव्हिड न्यूटनने विद्यार्थी प्रकल्प म्हणून ती बनवली. आज ऐकू येणारं संगीत आणि ध्वनी मार्क सिल्वनचे आहेत. ती 1066 च्या धूमकेतूपासून सुरू होते आणि हेस्टिंग्जच्या लढाईपाशी थांबते. म्हणजे कापडाचा साधारण अर्धा भाग तिच्यात नाहीच. पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या हॅरल्डचा नॉर्मंडीचा प्रवास, पवित्र अवशेषांवर हात ठेवून त्याने विल्यमसमोर घेतलेली शपथ, त्याच्या आधीचा राजा एडवर्डचा मृत्यू हे सगळं त्याआधी येतं. इंग्लंडच्या गादीवर विल्यमचा हक्क मानण्याची ती शपथ, असं नॉर्मन म्हणत; ती वगळली तर विल्यम चाल करून का आला, तेच कळत नाही.

आता कापड. लांबी सुमारे 70 मीटर, उंची जेमतेम अर्धा मीटर, लिननचे नऊ पट्टे एकमेकांना शिवलेले. त्यावर रंगवलेल्या लोकरीच्या धाग्याने केलेलं भरतकाम. 1070 च्या दशकात, बहुधा इंग्लंडमध्येच, विल्यमचा सावत्र भाऊ बिशप ओडो याच्यासाठी ते झालं असं बहुतेक अभ्यासक मानतात. नाव टॅपेस्ट्री असलं तरी ते विणकाम नाही, यावर लोक तावातावाने वाद घालतात. मराठी वाचकाला हा फरक दोन ओळींत कळेल. पैठणीच्या पदरातला मोर मागावर, कापडाबरोबरच विणला जातो, खरं टॅपेस्ट्री विणकाम ते. बाय्यूतला घोडा तयार कापडावर मागाहून सुईने भरला आहे.

अ‍ॅनिमेशनच्या दृष्टीने मात्र या फरकाला किंमत आहे. विणलेल्या टॅपेस्ट्रीत आकृती आणि पार्श्वभूमी एकाच विणीचा भाग असतात. बाय्यूत आकृतीमागे बहुतेक ठिकाणी कोरं लिनन आहे. प्रत्येक आकृतीला टाक्यांची स्पष्ट कड आहे. आतला भाग लोकरीचे धागे शेजारीशेजारी पसरून, त्यांवर आडवे धागे घालून, बारीक टाक्यांनी पक्का केलेला आहे. त्यामुळे आकृती संगणकावर सुटी करून हलवता येते. घोड्यांचे पाय बघा. जवळचे पाय एका रंगात, पलीकडचे दुसऱ्याच रंगात. पुढचा पाय कोणता आणि मागचा कोणता हे भरणाऱ्यांनी आधीच वेगळं करून ठेवलंय. घोडा चालवून दाखवणाऱ्याचं एवढं काम आयतं झालेलं असतं.

इथवर आल्यावर लोक म्हणतात, ‘मग हे सिनेमासाठीच तर केलंय!’ खरी गल्लत इथे होते. फरक हलण्या-न हलण्याचा नाही, काळाचा आहे. फिल्ममध्ये एका क्षणी एकच क्षण असतो, पुढचा आला की मागचा गेला. कापडावर मागचा आणि पुढचा क्षण दोन्ही एकाच वेळी समोर असतात, आणि ज्यांनी ते आखलं त्यांनी याचा जाणूनबुजून उपयोग केलाय.

एडवर्डच्या मृत्यूचं दृश्य घ्या. कापड डावीकडून उजवीकडे वाचायचं, पण इथे आधी येते अंत्ययात्रा आणि त्यानंतर मृत्युशय्या. तिरडी डावीकडच्या वेस्टमिन्स्टरच्या चर्चकडे चालली आहे. तिच्या उजवीकडे राजवाडा आहे. वरच्या मजल्यावर राजा अंथरुणातून आपल्या माणसांशी बोलतोय आणि त्याच्याच खाली त्याचं प्रेत आवरलं जातंय. एकाच इमारतीत एकच माणूस वर जिवंत, खाली मेलेला. त्याला लागूनच हॅरल्डला मुकुट दिला जातो. सिनेमावाला हे बघून म्हणेल, क्रम चुकलाय, सरळ करू. सरळ केलं की बोलणं, मरण, दफन, राज्याभिषेक अशी रांग लागते. कापडावर मात्र राजाचे शेवटचे शब्द आणि हॅरल्डचा मुकुट शेजारीशेजारी आले आहेत, मधली अंत्ययात्रा उचलून बाजूला ठेवली आहे. मरताना एडवर्डने हॅरल्डला राज्य सोपवलं का, हा त्या काळचा सगळ्यात मोठा वाद होता. कापड त्याचं उत्तर देत नाही, पण प्रश्न मात्र नेमका तिथे मांडतं. सरळ केलेल्या क्रमात हा प्रश्न दिसेनासा होतो.

धूमकेतूचंही तसंच. हॅरल्डचा राज्याभिषेक 6 जानेवारी 1066 चा, धूमकेतू दिसला एप्रिलमध्ये. कापडावर दोन्हींमध्ये वीतभर अंतर आहे. माणसं तारा बघताहेत, शेजारी नवा राजा सिंहासनावर अस्वस्थ झालाय, आणि त्याच्या खालच्या पट्टीत रिकाम्या जहाजांच्या नुसत्या बाह्यरेषा आहेत. ते नॉर्मन आरमार अजून बांधलंही गेलेलं नाही. एप्रिल, जानेवारी आणि आरमार निघालं तो पुढचा सप्टेंबर असे तीन काळ एकाच नजरेत सापडतात. फिल्मला यातलं काहीतरी आधी आणि काहीतरी नंतर दाखवावं लागतं. नावा हळूच उमटवल्या तरी त्या ‘नंतर’ उमटतात. कापडावर त्या आधीपासून तिथेच आहेत, आपण कधी त्यांच्याकडे बघतो एवढाच प्रश्न.

म्हणून ‘कॉमिक’ हा शब्दही मला पटत नाही. कॉमिकला चौकटी असतात. इथे झाडं आणि इमारती प्रसंग वेगळे करतात, तेही सैलपणे. पुस्तकांतून दिसणारे 1 ते 58 हे दृश्यांचे क्रमांक पुष्कळ नंतर, मागे लावलेल्या अस्तरावर लिहिलेले आहेत. 1476 च्या नोंदीप्रमाणे हे कापड बाय्यूच्या कॅथेड्रलमध्ये सणाच्या दिवसांत सभागृहाभोवती लावलं जायचं. चालत पाहणारा माणूस थांबू शकत होता, मागे वळू शकत होता, समोरच्या भिंतीवरचा पुढचा भाग आधी बघू शकत होता.

आता हॅरल्डच्या मृत्यूकडे येतो, कारण सगळ्यात जास्त वाद तिथे होतात आणि फिल्मचा सगळ्यात जास्त गैरवापरही तिथेच होतो. चित्रांवर भरलेली लॅटिन ओळ सांगते की इथे राजा हॅरल्ड मारला गेला. त्या ओळीखाली दोन माणसं आहेत. एकाच्या डोळ्याजवळ बाण आहे आणि हॅरल्डचं नाव त्याच्या डोक्याभोवती आलंय. दुसरा घोडेस्वाराच्या तलवारीखाली कोसळतोय आणि ‘मारला गेला’ हे शब्द त्याच्या डोक्यावर आहेत. हॅरल्ड पहिला, दुसरा, की दोन्ही? एडवर्ड एकाच इमारतीत दोनदा दिसू शकतो, तर हॅरल्डही एकाच प्रसंगात दोनदा दिसू शकतो. त्यात भर म्हणजे बाणाचीही खात्री नाही. 1729 च्या सुमारास चित्रकार आंत्वान बनुआने कापडावरून काढलेल्या चित्रात त्या माणसाच्या हातातल्या रेघेला पिसं नाहीत, ती भाल्यासारखी दिसते. पुढे 19 व्या शतकात कापडाची बरीच दुरुस्ती झाली. आज दिसणारा पिसांचा बाण मूळचा किती आणि दुरुस्तीचा किती, यावर अभ्यासक भांडतात.

अ‍ॅनिमेशन करणाऱ्याला भांडायला वेळ नसतो. बाण सुटला की तो कुणाला तरी लागलाच पाहिजे. पहिला माणूस मरून पडला तर दुसरा हॅरल्ड उरत नाही, आणि पहिल्याने बाण उपटून झुंज चालू ठेवली तर दोन्ही हॅरल्ड ठरतात. कोणतंही अ‍ॅनिमेशन घ्या, त्याला यातला एक निर्णय करावाच लागतो. तो दोष नाही, त्या माध्यमाचं कामच ते आहे. पण मग ‘बघा, टॅपेस्ट्रीत स्पष्ट दिसतंय की बाण डोळ्यात गेला’ असा पुरावा म्हणून फिल्मचा तुकडा चिकटवणं मला अजिबात खपत नाही. तो पुरावा कापडाचा नाही, अ‍ॅनिमेटरच्या निर्णयाचा आहे.

संगीताने हा निर्णय आणखी पक्का होतो, आणि तो कानातून येत असल्याने लक्षातही येत नाही. कापडावर आवाज अगदी थोडा आहे. लढाईआधीच्या जेवणाच्या दृश्यात एक जण शिंग फुंकताना दिसतो. नॉर्मनांच्या पुढे तायफेर नावाचा गायक रोलांची गाथा, म्हणजे जुनी फ्रेंच वीरगाथा, गात गेला, ही गोष्ट 12 व्या शतकातल्या कवी वासची आहे. कापडावर त्या गायकाचं नाव नाही. त्यामुळे फिल्ममधला प्रत्येक स्वर नव्याने घातलेला असतो, आणि स्वर बाजू घेतो. धूमकेतूच्या ओळीत एवढंच आहे की हे लोक ताऱ्याकडे आश्चर्याने बघताहेत. त्यावर खर्जातला गंभीर सूर घातला की अपशकुन ठरला, आणि तो हॅरल्डचा ठरला. कापड तर त्याच हॅरल्डला सरळ ‘इंग्रजांचा राजा’ म्हणतं, जिंकलेल्यांच्या पैशाने तयार झालेलं असूनही. हा दुटप्पीपणा कोणत्या रागात बसवणार? माझं मत पक्कं आहे: टापा, वल्ही, ढालींवरचे घाव, वारा एवढंच ऐकू यावं आणि सुरावट शक्य तितकी कमी असावी. मोठा वाद्यवृंद लावलेल्या आवृत्त्या मी आवाज बंद करून बघतो.

किनारीची पट्टी हा आणखी एक फरक. तिथे प्राणी आहेत, कोल्हा आणि कावळ्यासारख्या इसापच्या गोष्टी आहेत. लढाई पेटली की खालच्या पट्टीत प्रेतं पडू लागतात आणि मेलेल्यांच्या अंगावरची चिलखतं उतरवली जातात. पडद्यावर नजर मधल्या घोड्यांवर खिळते आणि हे सुटतं. 2021 पासून बाय्यूच्या संग्रहालयाने संपूर्ण कापड मोठं करून पाहता येईल असं ऑनलाइन ठेवलंय. फिल्म पाहिल्यावर तिथे जा आणि एडवर्डच्या तिरडीपासून सुरुवात करा, लढाईपासून नको.

शेवटाचंही सांगायला हवं. फिल्मला शेवट आहे. कापडाचा शेवटचा भाग हरवलाय. आज ते पळणाऱ्या इंग्रजांपाशी तुटतं. पुढे विल्यमचा 25 डिसेंबरचा राज्याभिषेक असावा, असा बहुतेकांचा अंदाज आहे.