इंटरप्ट वितरण, यूझरस्पेस व आभासी यंत्रांकडे

उपकरणाकडून आलेला इंटरप्ट (चालू काम थांबवून प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत) कर्नलबाहेरच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याबाहेरच्या (यूझरस्पेसमधील) प्रोग्रामला किंवा आभासी यंत्राला (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाला) पोचवण्याची व्यवस्था. येथे प्रामुख्याने लिनक्सचा विचार केला आहे.

इंटरप्टच्या उगमाविषयी मतभेद आहेत. श्रेय बहुधा युनिव्हॅक ११०३ए या संगणकाला दिले जाते. त्याआधी युनिव्हॅक १ (१९५१) मध्ये गणिताचे उत्तर मर्यादेबाहेर गेल्यास नियंत्रण ठरावीक पत्त्यावर जाई. परंतु ही अंतर्गत सोय होती, बाह्य उपकरणाशी तिचा संबंध नव्हता. आदान-प्रदानासाठीचा इंटरप्ट हाच निकष धरल्यास अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सच्या डायसिॲक या संगणकाचा (१९५४) दावा अधिक ग्राह्य दिसतो.

लिनक्समध्ये यूआयओ (२००७) ही कर्नलबाहेर ड्रायव्हर लिहू देणारी सोय आल्यावर प्रोग्रामने उपकरणाची फाइल वाचली की तो इंटरप्ट येईपर्यंत थांबतो आणि आजवरच्या इंटरप्टांची संख्या त्याच्या हाती पडते. खरी अडचण पीसीआयच्या (उपकरणे जोडण्याच्या मार्गाच्या) सामायिक, पातळीदर्शी (उपकरण गप्प होईपर्यंत संकेत चालू ठेवणाऱ्या) इंटरप्ट रेषेची आहे. उपकरणाला गप्प करणारा ड्रायव्हर कर्नलबाहेर असल्याने त्याची पाळी येईपर्यंत रेषा चालूच राहते आणि प्रोसेसर त्याच इंटरप्टात अडकतो. म्हणून कर्नल आधी इंटरप्ट झाकतो (तात्पुरता बंद करतो) व प्रोग्रामने काम संपवल्यावर तो उघडला जातो. पीसीआय २.३ मधील इंटरप्ट बंद करण्याच्या बिटमुळे एकाच उपकरणापुरते झाकणे शक्य झाले.

एमएसआयमध्ये (संदेशरूपी इंटरप्टमध्ये) सामायिक रेषा नसते. उपकरण स्मृतीतील ठरावीक पत्त्यावर लिहिते व त्या लेखनाचाच इंटरप्ट होतो. मात्र पाहुण्या (आभासी) यंत्राला दिलेले उपकरण डीएमएने (प्रोसेसरविना थेट स्मृतीत लिहिण्याच्या सोयीने) तेथे हवे ते लिहून खोटे इंटरप्ट पाठवू शकते. सुरक्षा संशोधक वोइचुक व रुत्कोव्स्का यांनी २०११ मध्ये असा हल्ला झेन या हायपरव्हायझरवर (आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) दाखवला. उपकरण यूझरस्पेसला वा आभासी यंत्राला देणारी लिनक्सची सोय व्हीएफआयओ (२०१२) त्यामुळे इंटरप्ट रिमॅपिंग (उपकरणाचे इंटरप्ट तपासून वळवणारी हार्डवेअरची सोय) नसलेल्या यंत्रावर, मुद्दाम सूट दिल्याशिवाय, उपकरण सुपूर्द करत नाही.

व्हीएफआयओ इंटरप्टची सूचना इव्हेंटएफडीवर (कर्नलच्या सूचना देणाऱ्या फाइल-खुणेवर) देते. केव्हीएममधील (लिनक्स कर्नलच्या हायपरव्हायझरमधील) आयआरक्यूएफडी ही सोय तीच सूचना घेऊन पाहुण्यात इंटरप्ट घालते, त्यामुळे क्यूइएमयूला (आभासी यंत्र चालवणाऱ्या यूझरस्पेस प्रोग्रामला) मध्ये पडावे लागत नाही. तरीही होस्ट (मूळ यंत्राच्या) कर्नलचा फेरा उरतोच. इंटेलच्या पोस्टेड इंटरप्ट पद्धतीत आयओएमएमयू (उपकरणांच्या स्मृतीवापरावर नियंत्रण ठेवणारा हार्डवेअर घटक) स्मृतीतील नोंदपत्रात इंटरप्ट लिहितो आणि आभासी प्रोसेसर चालू असल्यास तो पाहुण्यातून होस्टकडे बाहेर न पडता इंटरप्ट थेट स्वीकारतो; चालू नसल्यास हायपरव्हायझरला त्याला जागे करावे लागते. एएमडीचे एव्हीआयसी व आर्मचे जीआयसी-व्ही४ याच दिशेचे आहेत.

साध्या प्रोग्रामांसाठी इतकी थेट वाट रुळलेली नाही. डीपीडीकेसारख्या जलद नेटवर्क संचांत तर पॅकेटांसाठी इंटरप्ट सहसा टाळून उपकरणाला सतत विचारत राहणेच पसंत केले जाते.