मौखिक इतिहास म्हणजे लांबलेली मुलाखत नव्हे

जून आला, प्राइडच्या पोस्टी सुरू झाल्या की दोन-चार मेसेज ठरलेले असतात. "आम्ही मुंबईतल्या तृतीयपंथीयांचा मौखिक इतिहास करतोय, कुणाशी ओळख करून द्याल का?" नेमकं काय करताय विचारलं तर कळतं की वीस मिनिटांचा व्हिडिओ आहे, आठ-दहा प्रश्न काढलेत, एडिट करून यूट्यूबवर टाकणार. अहो, मग ती मुलाखत आहे. करा की, चांगली होईल कदाचित, पण तिला मौखिक इतिहास कशाला म्हणताय? मास कॉमच्या पोरांपासून पीएचडीवाल्यांपर्यंत सगळे हाच घोळ घालतात आणि दर वेळी फोनवर तेच तेच सांगून आता वैताग आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

मुलाखत काय असते ते मराठी माणसाला सांगायला नको. दिवाळी अंकातली, टीव्हीवरची, नाट्यगृहात दोन खुर्च्या टाकून केलेली प्रकट मुलाखत, आपण त्यावरच पोसलोय. विचारणाऱ्याच्या डोक्यात विषय असतो, सांगणारा त्या विषयापुरतं बोलतो, मग काटछाट होते आणि छापून येतं. त्यात वाईट काहीच नाही. १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टाचा नालसा निकाल आला, आपलं लिंग कुठलं हे ज्याचं त्याने ठरवायचं असं कोर्टाने मान्य केलं, त्या दिवशी लक्ष्मी नारायण त्रिपाठींसारख्या त्या खटल्यात उभ्या राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया संध्याकाळपर्यंत हवीच होती. तिथे तुम्ही "जन्म कुठला, लहानपणी घरी कोण कोण होतं" करत बसलात तर संपादक हाकलून देईल, आणि बरोबरच करेल.

किरकोळ फरक आधी उरकून घेऊ. मौखिक इतिहास, म्हणजे माणसाचं आयुष्य त्याच्याच तोंडून ऐकून संग्रहात जपून ठेवणं, लांब असतो, दोन-तीन बैठका लागतात, पण लांबीने तो मौखिक इतिहास होत नाही, चार तासांची मुलाखत ही मुलाखतच असते. ऑडिओ की व्हिडिओ याने काही बिघडत नाही (मला ऑडिओ आवडतो, कॅमेरा लावला की माणसं पदर सावरत बसतात). प्रश्नांची यादी नसते, विषयांची असते. फॅन बंद करा, माइक जवळ लावा, फाइल एमपीथ्रीत न ठेवता डब्ल्यूएव्हीत ठेवा. झालं, याच्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही आणि तरी वर्कशॉपांमध्ये अर्धा दिवस याच्यावरच जातो.

याहून थोडा मोठा फरक खऱ्या-खोट्याचा. इटलीत तेर्नी नावाचं पोलाद कारखान्यांचं गाव आहे, तिथे मार्च १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीने मेला. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली नावाचा अभ्यासक पुढे तिथल्या जुन्या कामगारांशी बोलत गेला तर बरेच जण सांगायला लागले की तो १९५३ च्या कामगारकपातीच्या आंदोलनात मेला. पत्रकार इथे तारीख दुरुस्त करतो आणि पुढे जातो. पोर्तेल्ली तिथेच थांबला, की इतक्या लोकांना तो मृत्यू चार वर्षं पुढे का न्यावासा वाटला, नोकऱ्या गेल्या तेव्हाच्या हरण्याला एक हुतात्मा हवा होता का. आपल्याकडेही एखादी नानी (म्हणजे गुरूची गुरू) सांगते की मी दंगलीच्या साली मुंबईत आले, आणि तिच्याच बाकीच्या तपशिलांवरून कळतं की ९२-९३ च्या बरीच आधी आली असणार. तिला टोकू नका. तिच्या हिशेबात मुंबईतलं आयुष्य दंगलीपासून का सुरू होतं ते विचारा, त्यातून जे निघेल ते तारखेपेक्षा मोलाचं असेल.

आणि ट्रान्स माणसांच्या बाबतीत एक जास्तीची भानगड आहे. त्यांना स्वतःची गोष्ट सांगायची सवय लावलेली असते. पोलिसाला सांगा, डॉक्टरला सांगा, मानसोपचारवाल्याला सांगा, एनजीओच्या फॉर्मसाठी सांगा, मग दर जूनमध्ये रिपोर्टरला सांगा. त्यातून एक तयार गोष्ट घडते. लहानपणी आईची साडी नेसायचे, घरच्यांनी मारलं, घर सोडलं, मुंबईला आले, गुरू भेटला, निर्वाण (लिंग काढून टाकण्याचा विधी) झालं. यातलं खोटं काहीच नसतं, पण हा साचा विचारणाऱ्यांनी पाडलाय, "तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?" हा एकच प्रश्न हजार वेळा विचारून. माझ्या मते या प्रश्नावर बंदी घातली पाहिजे. तसंच ऑपरेशनचं, आणि "तुमचं खरं नाव काय" हे. मुलाखत तयार गोष्ट घेऊन खूश होऊन परत जाते. मौखिक इतिहास ती गोष्ट संपल्यावर चहा घेतो आणि विचारतो की तेव्हा खोलीचं भाडं किती होतं, कोण द्यायचं, कुठल्या स्टेशनावर कुणाचा इलाखा होता, रीत लावली, म्हणजे गुरूने चेली करून घेतलं, तेव्हा कोण कोण बसलं होतं, जमातीतलं घराणं पूनावाल्यांचं की लष्करवाल्यांचं की भेंडीबाजारवाल्यांचं आणि ते कुणी ठरवलं, दुसऱ्या गुरूकडे जाताना दंड किती भरला, एड्सच्या त्या वर्षांत कुणाकुणाला खांदा दिला. आणि ट्रान्स पुरुषांना, म्हणजे जन्माला मुलगी म्हणून नोंदलेल्या पुरुषांना, तर कुणी विचारतच नाही, कारण रिपोर्टरला साडी आणि टाळी हवी असते, मग कपड्याच्या दुकानात किंवा कॉल सेंटरला काम करणाऱ्या, भाड्याची खोली मिळवताना आधार कार्डावरच्या नावाने अडलेल्या माणसाची या शहरातली वीस वर्षं कुठेच नोंदली जात नाहीत.

पण हे सगळंही एखादा चांगला मुलाखतकार करू शकतो. खरा घोळ पुढे आहे. बहुतेकांना वाटतं की रेकॉर्डर बंद झाला की काम संपलं, आता फक्त ट्रान्स्क्रिप्ट. मौखिक इतिहासात सांगणाऱ्याचा खरा अधिकार रेकॉर्डर बंद झाल्यावर सुरू होतो.

मुलाखतीत संमती एकदाच असते. "रेकॉर्ड केलं तर चालेल ना?" "हो चालेल." तिथून पुढे ते बोलणं घेणाऱ्याच्या ताब्यात. काय ठेवायचं, काय कापायचं, मथळा काय द्यायचा, फोटो कुठला लावायचा, सगळं तो ठरवणार, आणि छापण्याआधी दाखवणं हे तर बऱ्याच पत्रकारांना तत्त्वात बसत नाही. त्यांची बाजूही मला पटते, मंत्र्याला मुलाखत आधी दाखवली तर तो सगळं पुसून टाकेल. पण हा नियम सत्तेत बसलेल्या माणसासाठी आहे, तो उचलून मालाडच्या मालवणीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या बाईला कसा लावता?

मौखिक इतिहासात संमती दोनदा घेतात. एक रेकॉर्डिंगच्या आधी, की मी बोलायला तयार आहे. दुसरी सगळं टाइप होऊन तिच्या हातात गेल्यावर, तिने वाचल्यावर किंवा ऐकल्यावर, की आता याचं काय करायचं. पूर्ण खुलं ठेवायचं का, काही पानं बंद ठेवायची का, अमुक वर्षं कुणालाच द्यायचं नाही का, फक्त संग्रहात येऊन बसून ऐकता येईल पण इंटरनेटवर नाही असं हवंय का, नाव घालायचं की नाही, की सगळंच मागे घ्यायचं. हो, मागे घेता येतं, आणि तुमचे तीन महिने वाया गेले तरी तोंड वाकडं करायचं नाही. पहिल्याच दिवशी चार पानी इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेऊन "कन्सेंट झाला" म्हणणारे प्रोजेक्ट मी बघितलेत. तो कन्सेंट संस्थेच्या ऑडिटसाठी असतो. माणूस काय बोलणार हेच अजून माहीत नसताना त्या बोलण्याच्या वापराला तो हो कसा म्हणेल?

अशी एक दुसरी बैठक मी जवळून बघितलीय. सांगणारी साठीच्या पुढची, वाचता येत नाही म्हणून प्रोजेक्टवरची पोरगी ट्रान्स्क्रिप्ट वाचून दाखवत होती आणि या पाय पसरून सुपारी कातरत ऐकत होत्या. एका जागी हात वर केला. गुरुबहिणीचं नाव आलं होतं, एका जुन्या पोलीस केसच्या संदर्भात. "उसका नाम निकाल, वो अभी जिंदा है, जमात में बैठती है." पुढे गावचा भाग आला, तिथे म्हणाल्या की आई आहे तोवर हे बंद ठेवा, गावात मी मुंबईला कंपनीत आहे असं सांगितलंय. मग नानीबद्दलचा परिच्छेद आला, सणसणीत शिव्या, आम्हाला वाटलं हा नक्की कापायला लावणार, पोरगी वाचताना चाचरायला लागली. तर म्हणाल्या, "ये रख. सच है, और वो मर गई है." आणि शेवटी नाव. प्रोजेक्टने सोयीसाठी खोटं नाव घालून ठेवलं होतं, संवेदनशीलता वगैरे. ते ऐकून मात्र त्या खरोखर चिडल्या. माझं नाव घाला, गुरूचं घाला, घराणं घाला, मी काय चोरी केलीय का?

या एका बैठकीत सगळं आलं. "नाव बदलले आहे" ही ओळ आपण आपोआप टाकतो आणि स्वतःला सभ्य समजतो, पण नाव लपवायचं की मिरवायचं हे तिचं तिने ठरवायचं असतं. आणि चेहरा ब्लर केला की माणूस सुरक्षित, हा अजून एक भाबडेपणा. शेजाऱ्याला चेहरा कळणार नाही, पण जमातीत आवाजावरून, एखाद्या शब्दावरून पाच सेकंदात ओळखतात. गुरू-चेल्याच्या व्यवहारातली गोष्ट बाहेर गेली म्हणून पंचायत बसली तर दंड तिला भरावा लागेल, तुमच्या चॅनेलला नाही. तिच्या गोष्टीत दुसरी दहा माणसंही असतात आणि त्यांनी कुठे सही केलीय? म्हणून ती दुसरी बैठक लागते, कारण कोण जिवंत आहे, कोण दुखावेल आणि कोण उलटेल हे फक्त तिला माहीत असतं.

या लोकांना लिहून घेणाऱ्या माणसाची धास्ती उगाच नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग खास हिजड्यांसाठी होता. उत्तरेकडच्या प्रांतांत संशयावरून नाव, पत्ता रजिस्टरमध्ये, मालमत्तेची माहिती सरकारला द्यायची, आणि रजिस्टरमध्ये नाव असलेला माणूस बायकी कपड्यात रस्त्यावर दिसला किंवा नाचला तर दोन वर्षांपर्यंत कैद. सरकारी दप्तरात या माणसांची आयुष्यं सापडतात ती बरीचशी अशीच, दुसऱ्याने लिहिलेली आणि त्यांच्याविरुद्ध वापरलेली. आता आपण पुन्हा नाव, गाव, गुरू लिहून घेणार आणि ती फाइल कुणाच्या तरी लॅपटॉपवर पडणार, तर ती कुणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न आधी यायला हवा.

हे नीट करता येतं. न्यूयॉर्कमध्ये ट्रान्स ओरल हिस्टरी प्रोजेक्ट आहे, तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या साथीने, आणि कामाची सूत्रं ट्रान्स माणसांच्याच हातात, त्यामुळे अर्धे मूर्ख प्रश्न आपोआप गळतात. मिनेसोटा विद्यापीठाने असाच संग्रह केला तेव्हा गावोगाव जाऊन रेकॉर्ड करायला अँड्रिया जेंकिन्स होत्या, स्वतः ट्रान्स, कवयित्री, पुढे २०१७ मध्ये मिनिआपोलिसच्या नगर परिषदेवर निवडून आल्या. आपल्याकडे बंगळुरूला नॅशनल लॉ स्कूलमध्ये क्वामरा नावाचा क्वीअर संग्रह आहे. मुंबईसारख्या शहरात, जिथे हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतोय, तिथे सांगणारी माणसं कमी नाहीत.

आता शब्दांकनाबद्दल, कारण त्यावरही माझा राग आहे. रेकॉर्डिंगमध्ये बाई मुंबईची हिंदी, मराठी, थोडी दखनी आणि मध्येच जमातीची फारसी (इराणची नव्हे, हिजड्यांची आपसातली गुप्त बोली) बोलते, आणि टाइप करणारा त्याचं सदाशिव पेठी मराठी करून ठेवतो. "मग मी अत्यंत व्यथित झाले." कोण व्यथित झालं? ती "दिमाग सटक गया" म्हणाली होती. छापायला लेख करायचा असेल तर करा, पण संग्रहातली प्रत जशी बोलली तशीच पाहिजे, आणि हो, तासाभराच्या बोलण्याला टाइप करायला पाच-सहा तास सहज जातात, त्याचं बजेट आधीच धरा. जमातीचे शब्द कंसात फोडून सांगायच्या आधी तिला विचारा, काही शब्द बाहेरच्यांना कळू नयेत म्हणूनच असतात.

आणि पैसे. "आम्ही पैसे देत नाही, त्याने गोष्ट दूषित होते" असं म्हणणारे स्वतः फेलोशिपवर असतात. दुपारभर तुमच्यासमोर बसली म्हणजे तिची त्या दिवशीची मंगती, म्हणजे मागून मिळणारी कमाई, गेली, ट्रान्स पुरुषाची एक शिफ्ट गेली. तेवढी भरपाई द्या, पहिल्या बैठकीची आणि दुसऱ्या बैठकीचीही, रेकॉर्डर लावायच्या आधी हातात द्या, आणि स्पष्ट सांगा की हे वेळेचे आहेत, अर्ध्यातून उठून गेलात किंवा नंतर सगळं मागे घेतलंत तरी परत मागणार नाही.