ड्युरेशन वेगळं, ओव्हरलॅप वेगळा: पीयूसीत पास होणारा कॅम निवडताना

"२७० चा कॅम टाकला की पीयूसी गेली समजा." जळगाव असो, धुळं असो की नंदुरबार, गॅरेजात कॅमचा (इंजिनाचे वॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टचा) विषय निघाला की हे वाक्य येतंच. त्याचा जोडीदार सल्ला असतो, "२६० चा घे भाऊ, काही होत नाही." दोन्ही सल्ले एकाच गैरसमजातून येतात. २६० आणि २७० हे ड्युरेशनचे आकडे आहेत. स्लोवर, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, धूर बिघडतो तो मुख्यतः ओव्हरलॅपमुळे, म्हणजे दोन्ही वॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहिल्यामुळे. आणि २७० च्या कॅमचा ओव्हरलॅप २६० च्या कॅमपेक्षा कमी असू शकतो.

ड्युरेशन बहुतेकांना कळतं, त्यामुळे ते थोडक्यात. वॉल्व्ह उघडल्यापासून बंद होईपर्यंत क्रँक किती अंश फिरतो, ते ड्युरेशन. वाढवलं की ताकद वरच्या आरपीएमकडे सरकते. लिफ्ट म्हणजे वॉल्व्ह किती मिलिमीटर उचलला जातो. स्लोवरच्या धुराशी लिफ्टचा संबंध नगण्य आहे, म्हणून पीयूसी सांभाळून ओढ वाढवायची असेल तर आधी लिफ्ट वाढवावी, हे माझं ठाम मत. ढोबळ मर्यादा वॉल्व्हच्या व्यासाच्या पाव पट: ३२ मिमीचा वॉल्व्ह असेल तर ८ मिमीच्या पुढे फायदा झपाट्याने घटतो.

आता ओव्हरलॅप. एक्झॉस्ट स्ट्रोक संपताना एक्झॉस्ट वॉल्व्ह अजून पूर्ण बंद झालेला नसतो आणि इनलेट उघडायला लागलेला असतो. दोन्ही एकाच वेळी उघडे असतात तेवढे अंश म्हणजे ओव्हरलॅप. तो फक्त ड्युरेशनवर ठरत नाही. इनलेट आणि एक्झॉस्टच्या कॅमची नाकं (लोबची टोकं) एकमेकांपासून किती अंशांवर घासली आहेत, म्हणजे लोब सेपरेशन किती, त्यावरही तो तितकाच अवलंबून असतो. हिशोब सोपा आहे: इनलेट ड्युरेशनचा पाव भाग अधिक एक्झॉस्ट ड्युरेशनचा पाव भाग, त्यातून लोब सेपरेशन वजा करा, उरेल त्याची दुप्पट करा.

दोन्हीकडे २६० ड्युरेशन आणि १०६ लोब सेपरेशन असलेला कॅम घ्या. ६५ अधिक ६५ म्हणजे १३०, त्यातून १०६ गेले, उरले २४, दुप्पट ४८ अंश. आता २७० ड्युरेशन आणि ११४ लोब सेपरेशनचा कॅम. ६७.५ अधिक ६७.५ म्हणजे १३५, त्यातून ११४ गेले, उरले २१, दुप्पट ४२ अंश. 'मोठा' म्हटला जाणारा कॅम स्लोवर जास्त शांत चालणार आणि पीयूसीच्या मशिनवरही तोच बरा ठरणार. कॅमच्या कार्डावर लोब सेपरेशन लिहिलेलं नसेल आणि २२-५८-६२-१८ असे चार आकडे (इनलेट उघडणं, बंद होणं, एक्झॉस्ट उघडणं, बंद होणं) असतील, तर पहिला आणि शेवटचा मिळवा: २२ अधिक १८, ओव्हरलॅप ४०. चारही आकडे देता न येणाऱ्याकडून कॅम घेऊच नये.

ओव्हरलॅपने नेमकं काय बिघडतं? स्लोवर थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये जोरदार व्हॅक्यूम असतो. धडधाकट स्टॉक पेट्रोल इंजिनावर गेज साधारण १८ ते २० इंच (पाऱ्याचे) दाखवतो. सायलेन्सरच्या बाजूला मात्र हवेइतकाच दाब असतो. दोन्ही वॉल्व्ह उघडे असताना जळलेला वायू उलटा आत ओढला जातो आणि ताज्या मिश्रणात मिसळतो. असं पातळ झालेलं मिश्रण हळू जळतं, मधूनमधून पेटतच नाही, आणि न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर जातं. पीयूसीच्या स्लिपवर ते एचसी म्हणून दिसतं. स्लोवरची धक-धक ऐकून "काय कॅम आहे!" म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्यातली प्रत्येक चुकलेली धक म्हणजे वाया गेलेलं पेट्रोल आहे.

सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) गोष्ट वेगळी. सीओ कॅम वाढवत नाही, मिश्रण वाढवतं. होतं असं, की नवा कॅम बसल्यावर स्लो डगमगते, मग मिस्तरी मिक्स्चर स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवतो. इंजिन शांत होतं आणि सीओ चढतो. त्यामुळे स्लिप वाचायला शिकावं. सीओ जास्त आणि एचसी ठीक असेल तर मिश्रण रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त आहे. सीओ कमी आणि एचसी भरमसाट असेल तर मिसफायर आहे: ओव्हरलॅप जास्त, प्लग खराब किंवा मिश्रण फारच लीन (पेट्रोल कमी). दोन्ही जास्त असतील तर आधी कार्ब्युरेटर आणि प्लग बघा, कॅमला दोष नंतर द्या. पीयूसीच्या आदल्या दिवशी स्क्रू फिरवून लीन करण्याची युक्ती मोठ्या ओव्हरलॅपच्या इंजिनावर उलटते, कारण आधीच पातळ असलेलं मिश्रण लीन केलं की मिसफायर वाढतो.

इंजेक्शनच्या गाड्यांत फसगत आणखी एक पायरी पुढे जाते. मिसफायरमुळे न वापरलेला ऑक्सिजन सायलेन्सरमध्ये येतो, ऑक्सिजन सेन्सरला वाटतं मिश्रण लीन आहे, आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो. मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर असेल तर कमी व्हॅक्यूम बघून त्याला वाटतं गाडीवर लोड आहे, तेव्हाही पेट्रोल वाढतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थोडं सांभाळून घेतो, पण रोज न जळलेलं पेट्रोल गेलं तर तापून तोच खराब होतो. "कॅट काढून टाक" हा सल्ला या भागात सर्रास दिला जातो. तो देणाऱ्याला कॅमही कळत नाही आणि पीयूसीही.

मर्यादा माहीत असाव्यात. १ एप्रिल २००० नंतरच्या, पण बीएस-६ च्या आधीच्या फोर-स्ट्रोक दुचाकीला स्लोवर सीओ ३.५ टक्के आणि एचसी ४५०० पीपीएम. बीएस-२ आणि बीएस-३ पेट्रोल कारला ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. बीएस-४ कारला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम, शिवाय २५०० आरपीएमच्या आसपास लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ मध्ये. म्हणजे कार्ब्युरेटरच्या जुन्या बुलेटला बरीच मोकळीक आहे. बीएस-४ कारला जवळजवळ नाही. बीएस-४ कारमध्ये मी मूळ ओव्हरलॅपपेक्षा १० अंशांच्या वर जाणार नाही आणि लोब सेपरेशन ११० च्या खाली आणणार नाही. पीयूसीची स्लिप म्हणजे बदलाचा परवाना नव्हे, हेही ध्यानात असू द्या. गाडीतल्या बदलांबाबतचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वेगळं लागू होतं.

दुसरा घोळ कॅमशाफ्टच्या पुलीचा. सिंगल कॅमच्या इंजिनात पुली पुढे-मागे केली की "ओव्हरलॅप कमी केला" असं सांगतात. साफ चूक. एकाच शाफ्टवर दोन्ही लोब घासलेले असतात, पुली फिरवली की दोन्ही एकत्र सरकतात. ओव्हरलॅप तेवढाच राहतो, फक्त त्याची जागा बदलते. जिप्सीच्या १६ वॉल्व्हच्या इंजिनालाही हेच लागू. ४० दातांच्या पुलीवर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश, म्हणजे ही काही बारीक सेटिंगही नाही. ओव्हरलॅप खरोखर बदलता येतो तो दोन वेगळ्या कॅमशाफ्टच्या इंजिनात. किंवा बुलेटमध्ये, जिथे इनलेट आणि एक्झॉस्टचे कॅम वेगवेगळ्या गिअरवर असतात. म्हणूनच बुलेटमध्ये खुणा जुळवताना एका गिअरचा दात चुकला की स्लोच राहत नाही.

ड्युरेशन मोजण्याची पद्धतही विचारा. एक कार्ड वॉल्व्ह जरा हलल्यापासून मोजतं, दुसरं १ मिमी उचलल्यापासून, तिसरं १.२७ मिमीपासून. तीन वेगवेगळ्या कार्डांवरचे आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

लेथवर जुना कॅम रिग्राइंड करून घेणार असाल तर बेस सर्कल (लोबचा गोल भाग) घासलं जातं. रॉकरचा कोन बदलतो, टॅपेट स्क्रू जास्त बाहेर येतो, आणि वरचा कडक थर उडाला असेल तर काही हजार किलोमीटरमध्ये नाक सपाट होतं. घासल्यानंतर पुन्हा हार्डनिंग केलं का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. बसवताना पिस्टनवर मऊ मातीची पट्टी ठेवून क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, हेड काढा आणि दबलेली जाडी व्हर्निअरने मोजा. इनलेटला किमान २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगच्या कड्या एकमेकींना चिकटत नाहीत ना, तेही बघा.

तोरणमाळच्या चढावर सामान भरून जाणाऱ्या जिप्सीला ओढ २०००-२५०० आरपीएमच्या खालीच हवी असते, आणि मोठा ओव्हरलॅप नेमकी तीच खातो. वर ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम कमी मिळतो, पेडल कडक लागतं. उतारावर ते धोक्याचं आहे. अशा गाडीला ड्युरेशन स्टॉकच्या जवळ ठेवून फक्त लिफ्ट वाढवलेला कॅम घ्यावा.

कॅम बसल्यावर क्रम असा: इंजिन थंड असताना टॅपेट (वॉल्व्हची फट), मग इग्निशन (स्लोवर २ ते ४ अंश जास्त अ‍ॅडव्हान्स सहसा मानवतो), नवा प्लग, मग स्लो ५०-१०० आरपीएमने वर, आणि मिक्स्चर सगळ्यात शेवटी. टॅपेट घट्ट ठेवला तर ओव्हरलॅप वाढतो. ढिला ठेवून तो कमी करायला जाल तर वॉल्व्हची सीट ठोकरली जाते. जळगावच्या मे महिन्यात भर दुपारी पीयूसीला जाऊ नका: तापलेली हवा विरळ असते, कार्ब्युरेटरचं मिश्रण आपोआप रिच होतं. सकाळी नशिराबादपर्यंत गाडी जोरात चालवून या आणि सायलेन्सर गरम असतानाच प्रोब लावून घ्या. रांग असेल तर स्लोवर उभं राहू नका. नंबर लागण्याआधी दोन मिनिटं रेस २५०० वर धरा.