विमान-तपासणीतील मानवी चूक

विमानाच्या देखभालीत तपासनिसाच्या नजरेतून दोष निसटणे, किंवा दिसलेला दोष किरकोळ समजून सोडून दिला जाणे, ही तपासणीतील मानवी चूक होय. चांगला भाग खराब ठरवणे हीदेखील चूकच, पण तिची झळ पैशाला आणि वेळापत्रकाला बसते, म्हणून तिची चर्चा कमी होते. संशोधक कॉलिन ड्र्युरी यांनी शोध आणि निर्णय हे तपासणीचे दोन कळीचे टप्पे मानले. हा भेद महत्त्वाचा आहे. भेग दिसलीच नाही तर प्रकाश, वेळ, जागेची अडचण यांकडे पाहावे लागते. दिसूनही सोडली तर प्रशिक्षण, निकष आणि विमान वेळेत सोडण्याच्या दबावाकडे.

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, काम केलेल्याला यातला अर्धा भाग सांगावा लागत नाही. कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागावर, डाय पेनिट्रंट हा भेगेत झिरपणारा रंगीत द्रव लावून भेग शोधण्याची पद्धत तिथे परिचित आहे आणि विमानाच्या इंजिनाचे भागही त्याच तत्त्वावर तपासले जातात. फरक दोषांच्या वारंवारतेत आहे. फाउंड्रीत ब्लो होल (धातूत अडकलेल्या वायूची पोकळी), भेगा, रिजेक्शन हे नेहमीचेच, त्यामुळे नजर सरावात राहते. विमानाच्या तपासनिसाला शेकडो रिव्हेट पाहूनही बहुधा काहीच सापडत नाही, आणि जे क्वचित सापडते ते हुकण्याची शक्यता वाढते. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकसुरी पहाऱ्यावर साधारण अर्ध्या तासातच लक्ष ढळू लागल्याचे दिसले होते. ‘निष्काळजीपणा’ हा शेरा म्हणूनच बहुतेकदा अपुरा ठरतो.

अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचे छत २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईमध्ये हवेतच उडाले आणि एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. बेटांदरम्यानच्या छोट्या फेऱ्यांमुळे या विमानाची ८९,६८० उड्डाणे झाली होती. प्रत्येक उड्डाणात केबिन हवेच्या दाबाने ताणली जाते आणि उतरताना सैलावते, त्यामुळे धातूच्या थकव्याचा हिशेब तासांइतकाच उड्डाणांच्या संख्येवर करावा लागतो. तपासणीत निसटलेली एक भेग विमानात चढताना एका प्रवाशाला दिसली होती, पण तिने ते कोणालाच सांगितले नाही. कोल्हापूर–हैदराबादसारख्या जवळच्या मार्गांवरील विमानांनाही हाच हिशेब लागू होतो.

पुढच्याच वर्षी, १९ जुलै १९८९ रोजी, युनायटेड या अमेरिकी विमान कंपनीच्या २३२ क्रमांकाच्या उड्डाणात मागच्या इंजिनाची फॅन डिस्क, म्हणजे पंख्याची पाती जिच्यावर बसवतात ती चकती, फुटली. त्या अपघातात ११२ जण दगावले. डिस्कमधली भेग आधीच्या पेनिट्रंट तपासणीत सापडण्याइतकी मोठी झालेली असावी, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

पाळी बदलतानाची चूक वेगळ्या जातीची. ११ सप्टेंबर १९९१ रोजी टेक्सासमध्ये कोसळलेल्या कॉन्टिनेंटल एक्सप्रेसच्या एम्ब्राएर विमानाच्या शेपटाच्या आडव्या पंखाचे ४७ स्क्रू आदल्या रात्री काढले गेले, पण परत बसवलेच गेले नाहीत. १४ जण मरण पावले. स्क्रू काढायला खुद्द एका तपासनिसानेच हातभार लावला होता, आणि अर्धवट राहिलेले काम पुढच्या पाळीला लेखी नीट कळवले गेले नव्हते. ज्याने स्वतंत्रपणे पाहायचे तोच कामात उतरला, तर दुसरी सही ही निव्वळ औपचारिकता उरते. नियंत्रण प्रणालीसारख्या नाजूक कामांसाठी दोघांनी वेगवेगळी तपासणी करण्याचा दंडक आहे, तो याचसाठी. अर्थात पहिल्याने पाहिलेच असेल या भरवशावर दुसऱ्याने नजर फिरवली, तर तोही निकामी ठरतो.

छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर आज एटीआर आणि एम्ब्राएर जातीची विमाने येतात. मोठ्या तपासण्या इथे होत नाहीत. त्यासाठी हैदराबादसारख्या ठिकाणचे हँगर गाठावे लागतात. धावपट्टीलगत होते ती उड्डाणाआधीची पाहणी: टायर, ब्रेक, पंख्याची पाती, गळती. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ओल्या पत्र्यावर पाण्याचा ओघळ कोणता आणि तेलाचा कोणता, हे टॉर्चच्या उजेडात ओळखणे अवघड जाते. त्यात विमान परत सोडण्याची वेळ ठरलेली असते. शंका आली की पुसून, थोडे थांबून पुन्हा पाहणे हाच त्यावरचा सरळ उपाय, आणि घाईत नेमकी तीच पायरी गाळली जाते.